वेगळं ठेवलेलं मशीन

डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर पालथा घातला, चष्मा काढला आणि विचारलं, "आता खरं सांगा, कुठे काय खाताय?"

"काही नाही खात," ताई म्हणाली. "गव्हाचा कण तोंडात गेलेला नाही."

"मग हे आकडे काय खोटं बोलतात? एखादं बिस्कीट, कुणाच्या वाढदिवसाला केकचा तुकडा? सांगा, मी ओरडणार नाही."

आणि मग त्या ओरडल्या. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, ताईवर त्यांचा जीव होता, म्हणूनच ओरडल्या. ताईचं आतडं पुन्हा आतून सोलवटायला लागलं होतं, तोंडात फोड आले होते, जिना चढताना धाप लागत होती, आणि गहू पोटात गेल्याशिवाय हे होत नाही. ताईने वाद घातला नाही. खाली मान घालून ऐकून घेतलं आणि परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. पंचावन्न वर्षांच्या बाईने चोरून खाण्याबद्दल बोलणी खाल्ली होती. लहानपणीसुद्धा तिने कधी खाऊच्या डब्यात हात घातला नव्हता. तो मान धाकट्या भावाचा होता.

धाकट्या भावाला सगळे बाळ म्हणत. पन्नाशी गाठली, डोक्यावरचे केस गेले, एप्रनच्या नाड्या पोटाला पुरेनाशा झाल्या, तरी बाळ तो बाळच. त्याने रिपोर्टचं ऐकलं आणि बायकोकडे बघून हसला. "मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत झाली ही." भावजय हसली नाही. नुकताच पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसायला घेतला. ताईला ते दिसलं, पण त्यातून काही कळलं नाही. आपल्याला कोणी चोर म्हणत असताना माणूस दुसऱ्याच्या हातातल्या फडक्याकडे किती लक्ष देणार?

दुकान मूळचं बाबांचं. ताज्या पास्त्याचं. रस्त्याला लागून काउंटर, त्याच्यामागे पीठ मळायची खोली, आणि त्याच्याही मागे, गल्लीकडे तोंड केलेली एक अडगळीची खोली. वरच्या मजल्यावर घर. बाबा गेले आणि दुकान बहीणभावाचं झालं. ताईने लग्न केलं नव्हतं. हिचं लग्न पिठाशीच लागलंय, असं बाबा चारचौघांत सांगायचे आणि ताईला त्याचा कधी राग आला नाही. मळलेल्या गोळ्यात बोट दाबून ती सांगायची, "थांबा जरा, अजून रुसलेलंय ते." अर्ध्या तासाने गोळा खरंच मऊ आलेला असायचा.

त्याच पिठाने तिला दुकानाबाहेर काढलं. सिलिअॅक नावाचा आजार निघाला. गव्हात जो चिवट भाग असतो, ग्लुटेन, ज्याच्या जिवावर पास्त्याची पट्टी हातभर ताणली तरी तुटत नाही, तोच तिच्या आतड्याला सोसेना. खाणं तर बंदच, पण हवेत उडणारं पीठही नाकातोंडात जायला नको. म्हणजे दुकानच नको. जिथे अख्खा जन्म गेला तिथे तिला बाहेर फुटपाथवर उभं राहून काचेतून भावजयीला खुणा करायची वेळ आली: पाणी जास्त झालंय, अगं पाणी!

दुसरी कोणी असती तर वर जाऊन भिंतींकडे बघत बसली असती. ताईने अडगळीची खोली मागून घेतली. ती खरवडून, धुऊन, रंगवून काढली. पीठ मळायच्या खोलीकडे उघडणारं दार विटा लावून बंद करून टाकलं. टेबल नवं, भांडी नवी, फडकीसुद्धा नवी. येणंजाणं फक्त गल्लीतून. किल्ल्या दोन, एक ताईकडे आणि एक अडीअडचणीला बाळकडे.

आणि मशीन नवं. हाताने फिरवायचं, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं, दोन पोलादी रूळ आणि बाजूला आकड्यांची खुंटी. खुंटी एकवर असली की रूळ एकमेकांपासून लांब, सातवर नेली की जवळजवळ चिकटलेले. पास्त्याच्या मशीनला पाणी चालत नाही, रूळ गंजतात. बाबांनी दोन्ही मुलांना सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं. मशीनला पाणी दाखवायचं नाही. कोरड्या ब्रशने झाडायचं, एक छोटा गोळा फिरवून फेकून द्यायचा, झालं मशीन स्वच्छ. गव्हाच्या दुकानात ते पुरेसं होतं. पण धुता येत नाही म्हणजे एकदा गहू लागला की मशीन जन्मभर गव्हाचंच, आणि म्हणून ताईचं वेगळं. बाळ त्याला "ताईचं सोवळ्यातलं मशीन" म्हणायचा. ताईही हसायची. भावाने चेष्टा करायची नाही तर कोणी?

ग्लुटेन नसलेल्या पिठाने तिला आधी रडवलं. तांदळाचं पीठ, थोडं मक्याचं, थोडं टॅपिओकाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, अंडी, चमचाभर तेल आणि सगळं धरून ठेवायला चिमूटभर झँथन गम. गम कमी पडला तर गोळ्याची वाळू होते आणि जास्त पडला तर रबर. पट्टी रुळांतून खाली येतायेताच भुगा होऊन पडायची. आयुष्यभर ज्या हाताला पीठ ऐकत आलं होतं, त्या हाताला हे पीठ जुमानत नव्हतं. शेवटी तिच्या लक्षात आलं की ह्याला गव्हासारखं वागवायचंच नाही. मळून मळून ह्याच्यात बळ येत नाही. कोमट पाण्यात भिजवायचं, ओल्या फडक्याखाली झाकायचं, एका वेळी मुठीत मावेल एवढाच गोळा घ्यायचा, आणि खुंटी चारच्या पुढे न्यायची नाही. चारवर पट्टी जाड येते, पण अखंड येते. पाचवर चिरा पडतात. सहा आणि सात खुंटीवर कोरलेले आहेत म्हणून तिला माहीत होते, इतकंच.

पास्ता खपायला लागला. गल्लीकडच्या खिडकीशी मंगळवारी आणि शुक्रवारी रांग लागायची. चवीमुळे नव्हे. चव गव्हाच्या पासंगालाही पुरत नाही, हे ताई स्वतःच सांगायची. लोक यायचे तिच्या शब्दासाठी. प्रत्येक घाण्यातल्या मूठभर पट्ट्या ती खिडकीतल्या शेगडीवर उकळायची, गिऱ्हाइकांसमोर उभं राहून खायची, आणि मगच तराजूला हात लावायची. "आधी मी, मग तुम्ही." चिमूटभर गव्हाने ज्यांना आठवडा आठवडा अंथरुणात पाडलंय, त्यांना पाकिटावर छापलेल्या अक्षरांपेक्षा हे खरं वाटायचं. बाळने ती ओळ रंगवून घेतली आणि खिडकीच्या वर लावली. धंद्याची अक्कल त्याला होतीच.

रांगेत पहिला नंबर बहुतेक वेळा पोस्टातल्या बाईंचा. पोस्टाच्या काउंटरवर नोकरी, नवरा सोडून गेलेला, एकच मुलगी दहा-अकरा वर्षांची आणि तिला नेमका हाच आजार. जेवणाच्या सुट्टीत बाई धावत यायच्या आणि पाकीट घेऊन धावत जायच्या. मुलीसमोर नको म्हणून स्वतःही ब्रेड खायच्या नाहीत. मुलगी ताईला पास्तामावशी म्हणायची.

ताईचा रिपोर्ट यायच्या बराच आधी, एका शुक्रवारी, बाई आल्या त्या चेहरा ओढलेल्या.

"ताई, पोरीचं पोट परत दुखायला लागलंय हो. शाळेतून घरी पाठवतात. घरात तर मी गहू आणत नाही. बाहेर काहीतरी खात असणार. विचारलं की नाही म्हणते. तुम्हाला अनुभव आहे, तुम्ही सांगा, खोटं बोलत असेल का?"

तेव्हा ताईला स्वतःला थोडा थकवा होता, पण तो तिने वयाच्या नावावर घातला होता. हातात उकळलेल्या पट्ट्यांची वाटी होती. त्यातला घास तिने बाईंसमोरच खाल्ला.

"मुलं खातात हो बाई," ती म्हणाली. "सगळ्या मैत्रिणी एक खातात आणि आपण दुसरं, हे त्या वयात सोपं नाही. माझ्याकडचं म्हणाल तर तुमच्या डोळ्यांदेखत खाते, तेव्हा इथून काही नाही. लक्ष ठेवा. जरा कडक व्हा."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाई मान हलवून गेल्या. ताईने पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन करायला घेतलं.

मग तिचा स्वतःचा रिपोर्ट आला आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. ताईने काय काय तपासलं नाही? तांदळाचं पीठ बदललं. टॅपिओकाच्या पाकिटवाल्याला फोन करून त्याच्याशी भांडली. मीठ, तेल, टूथपेस्ट, औषधाच्या गोळ्यांचं आवरण, सगळं पाहिलं. साप समजून नुसती भुई धोपटली. मशीनकडे तिने पाहिलं नाही, कारण ते वेगळं होतं. मध्येच कधीतरी पोस्टातल्या बाईंची मुलगी मनात यायची. आपण खात नसताना आपल्याला होतंय, मग तिला…? ताई तिथेच थांबायची आणि तो विचार बाजूला सारायची. कारण तो पुढे नेला तर तो ह्याच खिडकीशी येऊन थांबणार होता, आणि ह्या खिडकीखेरीज ताईकडे काही उरलेलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी तिने नेहमीप्रमाणे पीठ भिजवलं, झाकलं, वेळ झाल्यावर पहिला गोळा तळव्याने चपटा केला आणि रुळांमध्ये सोडून हँडल फिरवलं. गोळा आत गेला आणि खालून चिंध्या पडल्या. आधी तिने पिठालाच दोष दिला. दुसरा गोळा घेतला, त्याचंही तेच. मग तिची नजर खुंटीवर गेली. खुंटी सातवर होती.

काम संपलं की ताई खुंटी एकवर आणून ठेवायची. रूळ मोकळे करून झोपवायचे, ही पण बाबांचीच शिस्त. आणि ताईने विसरून ठेवलीच असती तर चारवर ठेवली असती.

तिने मशीन टेबलावरून सोडवलं. खालच्या बाजूचे स्क्रू काढले. रुळांना चिकटलेलं पीठ खरवडायला आत एक पातळ पत्रा असतो, तो ओढून काढला. त्याच्या मागे वाळलेल्या पिठाची एक बारीक वळी अडकलेली होती, पिवळसर, नखाएवढी. ताईने ती तळहातावर घेतली, वर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि बोटाने चोळली. तांदूळ असता तर विरघळून दुधासारखा पसरला असता. हे पसरलं नाही. मऊ झालं, बोटाला चिकटलं, आणि तिने बोट उचललं तशी मध्ये तार आली. ती तुटली नाही. सबंध आयुष्य ज्या ताणाची तिला सवय होती, तोच हा ताण.

तिने हात धुतले, दोनदा धुतले. मग गल्लीतून वळसा घालून रस्त्यावर आली आणि कितीतरी वर्षांनी दुकानाच्या पुढच्या दारातून आत गेली.

बाळ कोपरापर्यंत पिठात होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पीठ तरंगत होतं. भावजय ओरडली, "ताई, तुम्ही इथे कशा? बाहेर व्हा आधी, पीठ उडतंय!"

"माझ्या मशीनवर गहू कोण लाटतं?" ताईने विचारलं.

बाळने लगेच नाही म्हटलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं. त्याने एप्रनला हात पुसले, सावकाश पुसले. "लाटतं कसलं? शेवटचा एक हात मारतो फक्त. बाबांच्या मशीनचे रूळ एका बाजूने झिजलेत, पातळ पट्टी वाकडी येते. हॉटेलवाल्यांना सारण भरलेल्या पास्त्यासाठी कागदासारखी पातळ पट्टी लागते. सोमवारी तुझी खोली बंद असते. मशीन नुसतं बसून असतं. इकडे आणतो आणि काम झालं की नेऊन ठेवतो."

"कधीपासून?"

"ऑर्डर लागली तेव्हापासून."

हॉटेलची ऑर्डर उन्हाळ्यात लागली होती. आता रस्त्यावरून लोक स्वेटर घालून जात होते.

"पण नीट झाडून ठेवतो गं!" बाळ म्हणाला. "बाबांनी शिकवलंय तसंच. ब्रश मारतो, आणि तुझ्याच पिठाचा एक गोळा भिजवून फिरवतो आणि फेकून देतो. हिला विचार."

तो खोटं बोलत नव्हता, हीच त्यातली सगळ्यात कडू गोष्ट. बाबांचा मुलगा होता तो. जसं स्वच्छ करायला शिकवलं होतं तसं त्याने मनापासून स्वच्छ केलं होतं.

"काल ते खुंटी फिरवायला विसरले," भावजय खालच्या आवाजात म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ह्यांना, आधी ताईंना सांगा."

"पहिल्या दिवशी म्हटलंस. मग दुसऱ्या दिवशी काय झालं तुझ्या तोंडाला?"

भावजयीने हातातलं फडकं ओट्यावर फिरवायला घेतलं.

"ताई, ऐक," बाळ म्हणाला. "पहिला महिना-दीड महिना तुला काही झालं का? नाही ना? मी काय डोळे मिटून नव्हतो बसलो. लक्ष होतं माझं. रोज सकाळी विचारायचो ना तुला, बरी आहेस ना? तू म्हणायचीस, बरी आहे. तेव्हा म्हटलं, हिला काही होत नाही म्हणजे चालतंय."

ताईला ते रोजचं विचारणं आठवलं. जिन्यात उभं राहून, हातात चहाचा कप घेऊन तो विचारायचा. तिला त्याचं कौतुक वाटलं होतं. म्हातारपणी का होईना, भावाला बहिणीची काळजी वाटायला लागली, असं तिने शेजारणीला सांगितलंही होतं. कुंपण शेत खात होतं आणि रोज सकाळी शेतालाच विचारत होतं, बरं आहेस ना.

"आणि रिपोर्ट आला तेव्हा?" ताईने विचारलं. "मांजराची गोष्ट कोणी सांगितली?"

बाळने मान खाली घातली. "तेव्हा सांगायला तोंड कुठे होतं?"

चेष्टा करायला बरं तोंड होतं, असं ताईच्या ओठांवर आलं. पण तिला खोकल्याची उबळ आली आणि भावजयीने तिला दंडाला धरून बाहेर फुटपाथवर आणलं. मागोमाग बाळ आला. त्याने सगळा विचार उभ्या उभ्याच करून टाकला होता.

"हे मशीन मला ठेवू दे, तुला दुसरं आणतो. उद्याच आणतो. आज गिऱ्हाइकांना सांग मशीन बिघडलंय. तसं खोटंही नाही ते. शुक्रवारपासून पहिल्यासारखं सुरू. कुणाला काय कळणार आहे?"

"ज्यांनी खाल्लं त्यांचं काय?"

"जे झालं ते झालं. आता सांगून कुणाचं पोट बरं होणारे?"

भावजय जवळ सरकली. तिच्या बोलण्यात कावा नव्हता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "ताई, एकदा का हे बाहेर पडलं की खिडकीशी कोणी फिरकणार नाही. आणि खिडकी बंद पडली तर तुम्ही दिवसभर करणार काय?"

ताई गल्लीत परतली आणि आपल्या खोलीत स्टुलावर बसली. मशीन समोर उघडं पडलं होतं. ती घाबरली होती, त्यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. खिडकी गेली की ती कोण? भावाच्या घरात वरच्या मजल्यावर राहणारी एक आजारी बहीण, जिचं जेवण वेगळं शिजवावं लागतं. तिने मनातल्या मनात वाक्य म्हणून पाहिलं. मशीन बिघडलंय. आज घाणा नाही. पुन्हा म्हणून पाहिलं. जमत होतं. गम बेताचा पडलेल्या पिठासारखं बसत होतं ते तोंडात.

खिडकीवर टकटक झाली. पोस्टातल्या बाई. छातीवर कार्यालयाचा बिल्ला तसाच, धावत आल्याने श्वास वर आलेला.

"आज घाणा नाही," ताई म्हणाली. "मशीन बिघडलंय."

"अगं बाई! मग आता?" बाईंनी खिडकीतून आत डोकावलं. "शुक्रवारचं आहे की तिथे एक पाकीट, त्या फळीवर. तेच द्या. पोरगी दुसरं काही तोंडातच घेत नाही हो. बाहेरचं काही दिलं की आधी वास घेते, मग ताट सरकवते. म्हणते, पास्तामावशीचं दे, मावशी आधी स्वतः खाते."

बाईंचा हात पुढे आला होता. पाकीट खरंच फळीवर होतं. ताई उठली, पाकीट हातात घेतलं आणि ते घेऊन तशीच उभी राहिली.

"हे नका नेऊ," ती म्हणाली. "ह्याच्यात गहू आहे."

"काय?"

"माझ्या मशीनवर दर सोमवारी दुकानासाठी गव्हाची पट्टी लाटली जात होती. मला माहीत नव्हतं. आज कळलं. उन्हाळ्यापासून चाललंय."

बाळ गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. "ताई!" तो ओरडला. ताईने तिकडे पाहिलं नाही.

बाई आधी गोंधळल्या. मग त्यांनी एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा विचारला. "म्हणजे तुमच्याच पास्त्यात होतं?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्यासमोर खात होतात."

"खात होते. मीसुद्धा आजारी पडलेय बाई. मला डॉक्टरांनी…"

"तुमचं मला काय सांगता?" बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. काउंटरवर बसून बसून त्यांना आवाज न चढवायची सवय झालेली होती. "तुम्ही मला म्हणालात, मुलं खातात, कडक व्हा. झाले कडक. तिचं दप्तर उपसलं. खिसे उलटे केले. शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंना सांगितलं, हिच्यावर नजर ठेवा, ही चोरून खाते. सगळ्या पोरींसमोर सांगितलं. घरी आल्यावर तिने माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली, ताई. मी म्हटलं, म्हणजे आई मेली तरी तुला चालेल. आणि मारलं तिला."

"मी येते," ताई म्हणाली. "आत्ता येते तुमच्याबरोबर. मी सांगते तिला. तिचं खरं होतं, चूक माझी होती, असं तिच्यासमोर म्हणते."

"काय म्हणणार तिच्यासमोर? आता ती बोलतच नाही. आधी दुखलं की मला उठवायची. आता विचारलं की म्हणते, काही नाही. पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते आणि म्हणते, काही दुखत नाही आई." बाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. "आणि मला वाटलं, सुधारली."

बाईंनी धरलेली कड सोडली, बिल्ला सारखा केला आणि गल्लीतून निघून गेल्या. पोस्टाच्या दिशेने नाही, शाळेच्या दिशेने. जाताना बाळच्या अंगावरून गेल्या, आणि एवढा आडवा माणूस वाटेत असून त्यांना तो दिसला नाही.

बाळ खिडकीशी आला. "झालं? झालं मनासारखं? आता ह्या पोस्टभर सांगतील."

ताईच्या मनासारखं काहीच झालेलं नव्हतं. बाळच्या मागे पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, चष्मेवाले आजोबा, बायकोसाठी न्यायचे. त्यांनी नेहमीसारखी पिशवी उघडून पुढे केली आणि आज मूठभर उकळलेलं दिसत नाही म्हणून शेगडीकडे पाहिलं.

"पिशवी मिटा आजोबा," ताई म्हणाली. "आधी माझं ऐका." आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.